दहा सेकंदांचे दात

कवळीकाकांच्या घरात कोणी तोंड उघडून हसत नाही.

घर दुःखी आहे म्हणून नाही हं! हसायला त्या घरात काही कमी नाही, पण ते सगळं हसू नाकातून, खांद्यांतून, नाहीतर उशीत तोंड खुपसून. कारण काकांसमोर तुम्ही खदखदून हसलात की काका तुमच्याबरोबर हसत नाहीत. ते मान तिरकी करतात, डावा डोळा बारीक करतात आणि म्हणतात, "वरचा उजवा सुळा झिजलाय. झोपेत दात खाता का?" झालं! विनोद जागच्या जागी गार.

माणूस वाईट नाही, माणूस कामात बुडालेला आहे. गेली अठ्ठावीस वर्षं काका कवळ्या करतात. दाताच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वरच्या मजल्यावर, आणि त्याच्याखाली काकांची खोली. खोलीत एक लांब टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने बसलेले, जसे काही सगळे मिळून कुणाची तरी निंदा करतायत. एक स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या वड्या, एक पातेलं ज्यात कवळ्या शिजतात, आणि एक घुंईं करणारं पॉलिशचं चाक. डॉक्टरीणबाई वर माप घेतात, काका खाली दात लावतात. गल्लीतले निम्मे म्हातारे काकांच्या दातांनी चावतात आणि उरलेले निम्मे रांगेत आहेत.

घरी काकू. काकू दुपारी औषधाच्या दुकानात बसतात आणि प्रत्येक वाक्य "मी काय म्हणते" पासून सुरू करतात, मग कोणी ऐको न ऐको. आणि एक मुलगी, पंधरा वर्षांची. तिला घरात सगळे टेप म्हणतात. कारण जे कानावर पडेल ते ती जसंच्या तसं वाजवते. मुख्याध्यापक, भाजीवाली, प्रेशर कुकर, कशालाही बंदी नाही. काका घरी नसले की टेप पूर्ण आवाजात वाजते. काका आले की ओठ मिटून, गालातल्या गालात. कारण तिसरीत असताना तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या दातांना तार बसली होती, आणि ती पोरगी तीन महिने फक्त सूप पीत होती. टेपने तेव्हाच ठरवलं, आपल्या घरात तर तार लावणाऱ्यांचा सख्खा शेजारी राहतो. तोंड उघडायचंच नाही.

तर या घरात तीन महिन्यांपूर्वी एक फ्रेम आली.

काकांचा धाकटा भाऊ लांब राहतो, विमानाने जावं लागतं इतका लांब. त्याने एकदम तीन फ्रेमा घेतल्या. एक स्वतःच्या घरी, एक काकांना, एक ताईंना. ताई म्हणजे काकांची मोठी बहीण, चार गल्ल्या सोडून एकट्या राहणारी. फ्रेम पुस्तकाएवढी, पण नेटला जोडलेली. तिन्ही घरांपैकी कोणीही फोनवरून फोटो टाकला की तो तिन्ही घरांत दिसतो. दहा सेकंद एक फोटो, मग दुसरा, क्रम काही नाही, फ्रेमच्या मनात येईल तो.

"दादा, ऍक्च्युअली, एकदम सिंपल आहे," धाकटा फोनवर म्हणाला. त्याचं सगळंच ऍक्च्युअली असतं. "तू पण टाक ना काहीतरी. तुझ्या आवडीचे."

काकांनी आवडीचे टाकले. सतरा कवळ्या. समोरून, बाजूने, एक आतून.

त्याच संध्याकाळी धाकट्याच्या घरी पाहुणे जेवायला बसले होते. फ्रेम बरोब्बर टेबलासमोर. धाकट्याचा फोन आला. "दादा, ऍक्च्युअली... आम्ही जेवत होतो, आणि हिची आई मधूनच उठून गेली."

काकांनी उत्सुकतेने विचारलं, "कोणत्या कवळीला?"

त्या दिवसापासून काकूंनी काकांना फोटो टाकायची बंदी केली. आणि फ्रेमकडे काकांनीही पाठ फिरवली. कुत्रा, कुंड्या, धाकट्याची गाडी, टेपचे चाळे, पुन्हा कुत्रा. कोणी नीट तोंड उघडलेलं असेल तर शपथ.

मग ताईंची जुनी कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले.

इथे ताईंविषयी सांगायलाच हवं. ताईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, लांबच्या शहरात. नंबर फिरवला की आपोआप लागायचे दिवस नव्हते ते. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, आणि हातात वायरी. "नमस्कार, कोणता नंबर हवाय?" दिवसातून आठशे वेळा. ताईंच्या वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये एक बारीक फट होती, आणि त्या फटीतून त्यांच्या प्रत्येक 'स'बरोबर एक नाजूक शिट्टी निघायची. तिथले लोक फोन उचलून म्हणायचे, "शिट्टीवाल्या बाईंना द्या." ताई एकेका गिऱ्हाइकाची अशी हुबेहूब नक्कल करायच्या की जेवणाच्या सुट्टीत डबे तसेच राहायचे. टेपचं टेपपण कुठून आलं, ते वेगळं सांगायला नको.

आठ वर्षांपूर्वी हिरड्यांनी दगा दिला आणि वर्षभरात सगळे दात गेले. तिथल्याच कोणीतरी कवळी करून दिली, सरळसोट, आणि शिट्टी गेली ती गेलीच. ताईंनी नकलाही सोडल्या. इथे राहायला आल्या, तरी कधी तक्रार केली नाही. पण आता जुन्या ऑपरेटर बायकांचा मेळावा ठरला होता, येत्या रविवारी, दुसऱ्या गावात. चौदा जणी उरल्या होत्या. आणि तेराही जणींचं एकच पत्र आलं होतं: गिऱ्हाइकांचे आवाज काढायचे, सगळे, आणि ताईंनीच.

काकांनी बहिणीसाठी जीव ओतून कवळी केली. असे दात त्यांनी आजवर कुणाला लावले नव्हते. एका रेषेत, मोत्यांसारखे. ताईंनी ती तोंडात घातली, आरशात पाहिलं, "एक, दोन, सात, सत्तर" म्हणून पाहिलं. मग कवळी काढली, पेल्यात ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या,

"बाळ्या, दात शुंदर आहेत. पण हे बातम्या शांगणाऱ्या बाईचे आहेत. मी काय तिथे जाऊन बातम्या शांगू?"

बाळ्या म्हणजे काका. वय बावन्न.

"अगं ताई, शंभरात एखादीच अशी जमते!"

"तेच म्हणतेय. शंभरातली एक नको मला. माझी कर. माझे दात आठवतात ना तुला?"

आठवत होते हो! लहानपणी काका तिच्या मांडीवर डोकं ठेवून तेच तर बघायचे. मधली फट. आणि डावीकडचा दुसरा दात, शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभा असलेला. पण आठवणीवर दात बसत नाहीत, मापावर बसतात. फट किती, केसाएवढी की काडीएवढी? तिरका किती, कुठल्या बाजूने? अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर शिट्टीची शिटी होते, कुकरची.

"फोटो दे एखादा. हसतानाचा."

आणि इथेच घोडं अडलं. ताईंच्या तरुणपणी फोटो काढणारा आधी ओरडायचा, "तोंड मिटा! हलू नका!" आणि पुढे, भाऊ कवळ्यांच्या कामाला लागल्यावर, ताईंनी स्वतःच त्याच्यासमोर तोंडावर हात धरायला सुरुवात केली होती. ज्याने दात काढले त्या डॉक्टरचा दवाखाना बंद होऊन तिथे आता चपलांचं दुकान. सगळे अल्बम उलटेपालटे केले. एका फोटोतही दात नाहीत.

"मग मी जात नाही," ताई म्हणाल्या. "त्या तेरा जणींना मी दिशले तर ओळखतील. बोलले तर? कोण ही बाई, म्हणतील. लाईन कट करा."

हा सोमवार. शनिवारी दुपारची बस. कवळी मेणात लावायची, तोंडात घालून बघायची, मग शिजवायची, सावकाश गार करायची, घासायची. गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत दातांचं माप हातात नसेल तर विषय संपला.

आणि मंगळवारी सकाळी काका चहा पिता पिता सहज फ्रेमकडे वळले, आणि चहा त्यांच्या शर्टावर सांडला.

दात!

काळापांढरा फोटो, कोणीतरी मान मागे टाकून हसतंय, आणि वरची ओळ पूर्ण उघडी. मधली फट. डावा दुसरा, शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टेकलेला. तीच वळणं, तोच सुळा, तीच हिरडीची कमान. काका कपबशीसकट उठले, चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, खाली ओढला, आणि फ्रेमवर कुत्रा.

"ए! ए, मागे ये!" काका कुत्र्याला म्हणाले.

कुत्रा गेला. त्याच्या जागी कुंडी आली.

"ऐकलंस का! लवकर ये! ताई! ताई होती इथे!"

काकू ओल्या हातांनी धावत आल्या. "मी काय म्हणते, इतक्या सकाळी ताई? चहा टाकू?"

"अगं फोटोत! ताईचा तरुणपणीचा फोटो! दातांसकट!"

टेप बाथरूममधून तोंडात ब्रश घेऊन आली. एका हाताने ओठ झाकलेले, सवयीने. "कोणी टाकला? कुठला होता? कोणत्या कपड्यांत?"

"कपडे?" काका गडबडले. "कपडे असतील की."

"बसलेली की उभी?"

"हसत होती."

"मागे काय होतं? घर? समुद्र? झाड?"

"मागे सहाव्या नंबरची दाढ होती, उजवीकडची, आणि एकदम शाबूत! मी काय सांगतोय तुम्हाला, फट दीड मिलिमीटरच्या आतबाहेर..."

काकूंनी कपाळाला हात लावला. तेहेतीस कोटी माणसांत ज्याला फक्त दात दिसतात असा एकच नवरा, आणि तो त्यांच्याच वाट्याला. टेप मात्र पेटली. शाळेचं दप्तर एका खांद्यावर लटकवून तिने फोन काढला, आणि आत्याचे सगळे फोटो पंधरा मिनिटांत चाळून काढले. काळेपांढरे एकोणीस. एकोणिसांत आत्या ओठ मिटून, परीक्षेला बसल्यासारखी.

"बाबा, नाहीये असा फोटो."

"मी पाहिला!"

"स्वप्नात आला असेल," काकू म्हणाल्या. "दिवसभर तेच ते. मी काय म्हणते, परवा तुम्ही झोपेत 'आ करा' म्हणालात."

काकांनी धाकट्याला फोन लावला. तिकडे कुठली वेळ आहे ते न बघता. "तू टाकलास का ताईचा फोटो? हसतानाचा?"

"दादा, ऍक्च्युअली... मी गाडी चालवतोय. नाही टाकला. कुत्र्याचे टाकलेत फक्त."

"ते दिसतायत!" काका ओरडले.

ताईंना फोन गेला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग जुना सूर, ऑपरेटरचा: "लाईन धरा. बघते." आणि ताई त्यांच्या घरच्या फ्रेमसमोर स्टूल घेऊन बसल्या त्या बसल्याच.

टेपने मग हिशेब मांडला. फ्रेममध्ये एकूण फोटो दोन हजार तीनशे. प्रत्येकी दहा सेकंद. म्हणजे एक पूर्ण फेरी साधारण साडेसहा तासांची. "असेल तर पुन्हा येईलच. पाळ्या लावा! दिसला की स्क्रीनवर बोट ठेवायचं, की फोटो थांबतो."

"बोट ठेवलं की थांबतो?" काका ताडकन म्हणाले. "हे मला आज सांगतेस?"

"तुम्ही त्याला ए मागे ये म्हणत होतात, बाबा."

बुधवारी सकाळपासून घरात अशी पहारेदारी सुरू झाली की बँकेच्या तिजोरीला नसेल. सकाळी काकू, वाटाणे सोलत, शेजारी वही. वहीत नोंद. काकूंचा स्वभावच तो, दुकानात औषधांच्या नोंदी करून करून हात बसलेला. आठ सत्तावन्न, कुत्रा. नऊ चार, कुंड्या, दोन. नऊ अठरा, धाकट्यांची गाडी, मागून. नऊ एक्केचाळीस, टेपचे चाळे. नऊ त्रेपन्न, ताई, तोंड बंद. दुपारी काका खालच्या खोलीला कुलूप लावून धावत घरी. हातात भिंग. फ्रेमपासून चार बोटांवर नाक. वाडग्यातले वाटाणे संपले, काकू दुकानात गेल्या. काकांनी पापणी मिटली नाही. कुत्रा, कुत्रा, कुंडी, धाकट्याच्या बायकोची आई, तोंड बंद. "हिचा खालचा जबडा पुढे आलाय," काका पुटपुटले, "म्हणूनच उठून गेली असेल." मध्येच दरवाजा वाजला. डॉक्टरीणबाईंचा निरोप, अर्जंट दुरुस्ती, एका आजोबांची कवळी पेरूत अडकून मोडली. काका उठले, दोन पावलं गेले, परत आले. "आजोबांना म्हणावं, आज पेज प्या!" दारातल्या माणसाला त्यांनी बसल्या जागेवरूनच सांगितलं.

शाळा सुटल्यावर टेप आली. काका जरा पाय मोकळे करायला गेले, चहा प्यायले, परतले.

"काही?"

"आत्या चार वेळा. चारही वेळा मौनव्रत." टेप ओठ मिटूनच म्हणाली, आणि मग राहवेना म्हणून काकूंचा आवाज काढला, "मी काय म्हणते, फोटो असता तर आला नसता का?" इतका बेमालूम की काका "दुकानातून कधी आलीस?" म्हणून दाराकडे वळले.

ताईंचा फोन दर तासाला. "इकडे काही नाही. तुझ्याकडे?" "नाही." "बरं, लाईन शोडते." सहाव्या फोनला ताई थांबल्या. "बाळ्या, नशेल तर नशू दे रे. तू उगाच उपाशी बशू नकोस." आणि हे असं समजुतीचं बोलणं काकांना दातदुखीपेक्षा जास्त लागलं. ताई भांडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार उजाडला. एव्हाना बातमी गल्लीभर झाली होती. औषधाच्या दुकानातून काकूंनी रजा काढली. टेपची शाळा अर्धी, परीक्षेआधीची. दुपारी तीनला तिघंही फ्रेमसमोर ओळीने, जसे काही क्रिकेटची शेवटची ओव्हर चालू आहे. स्पीकरवर ताई, त्यांच्या घरून. चार वाजले. सव्वाचार. काकांच्या कपाळावर घाम. "पाचला मला मेण गरम करायलाच हवं," ते म्हणाले. "नाहीतर..."

कुत्रा. कुंडी. काकांचा खिडकीतला फोटो. कुत्रा. आणि—

"हीच! हीच! थांबवा!!"

काका असे उडाले की स्टूल उलटलं, भिंग कोपऱ्यात, काकूंचं पाऊल काकांच्या पावलाखाली. काकांचं बोट काचेवर. फोटो थांबला. काळापांढरा. मान मागे, तोंड सताड उघडं, फट, तिरका दात, सगळं जागच्या जागी.

"बघा! खोटं बोलतो का मी? ताई! ताई, सापडलीस!"

स्पीकरमधून काही तरी पडल्याचा आवाज. "कुठे? कुठे? माझ्याकडे कुंडी आहे!"

काकू फोटोकडे बघत होत्या. टेप फोटोकडे बघत होती. मग दोघी एकमेकींकडे. काकूंचा खांदा आधी हलायला लागला.

"अहो," काकू म्हणाल्या, "अहो, ती आपली टेप आहे."

"काय?"

"टेप! तुमची मुलगी! सुट्टीत ताईंकडे गेली होती ना, त्यांचा जुना हेडफोन कानाला लावून, त्यांचा स्वेटर घालून ऑपरेटर झाली होती. ताईंनीच काढलाय फोटो. हिने तो काळापांढरा करून टाकलाय फ्रेमवर!" वही उघडून त्यांनी बोट ठेवलं. "काल नऊ एक्केचाळीसला आला होता. परत आज सव्वाअकराला. हे बघा, टेपचे चाळे, टेपचे चाळे. मला काय माहीत तुम्ही हिला शोधताय!"

"माझ्याही पाळीत आला होता," टेप हळूच म्हणाली. "पण तो तर मीच होते ना. मी आत्याला शोधत होते."

सगळ्यांनी पाहिला होता. सगळ्यांनी ओळखला होता. म्हणून कोणालाच सापडला नव्हता.

काका एकदा फोटोकडे, एकदा मुलीकडे. पंधरा वर्षं ही पोरगी घरात, रोज ताटाला ताट लावून, आणि पक्के दात पहिल्यांदा दिसले ते फ्रेममध्ये! त्यांनी खुर्ची ओढली, समोर ठेवली.

"टेप. इकडे बस. आ कर."

टेपने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मान जोरजोरात हलवली.

"का गं?"

बोटांच्या फटीतून आवाज आला: "तार लावाल."

काका असे काही संतापले की प्लास्टरचे जबडे असते तर थरथरले असते. "तार? या दातांना? या दातांना जो तार लावेल ना, त्याच्या तोंडात एक दात ठेवणार नाही मी! अगं, हे दात एकदा हातचे गेलेत आमच्या. पुन्हा जाऊ देतो का? हात काढ!"

टेपने हात काढले. आधी ओठ, मग जरासे दात. मग काका जिभेचं टोक दाताखाली धरून इतक्या गंभीरपणे पुढे वाकले, नाकावरून चष्मा घसरला, की तिला राहवलंच नाही. ती हसली. मान मागे टाकून, तोंड सताड उघडून, सहाव्या दाढेपर्यंत. काकू हसल्या. स्पीकरमध्ये ताईही हसत होत्या, बोळक्या तोंडाने, फक्कफक्क.

"बाळ्या," ताई म्हणाल्या, "ही बोलते ना, तेव्हा मला माझंच ऐकू यायचं रे. बारीक शिट्टी. मी म्हटलं, पोरगी माझी नक्कल करतेय. छान करते, म्हटलं."

"मी नाही करत," टेप म्हणाली. "माझा 'स' असाच आहे." आणि खरंच, शिट्टी वाजली. घरात इतकी वर्षं वाजत होती, पण सगळे आवाज काढणाऱ्या पोरीचा स्वतःचा आवाज कोणता, हे कोण विचारत बसतं?

मग जी धावपळ झाली! काकांनी पोरीला मनगटाला धरून दवाखान्याचा जिना चढवला. वर डॉक्टरीणबाई. त्या कायम कुजबुजत बोलतात, दवाखान्यात कोणी झोपलेलं असल्यासारख्या. "काय झालं? दुखतंय का?" "दुखत नाही, शोभतंय! माप घ्या!" टेपच्या तोंडात गुलाबी लगदा, डोळ्यांत पाणी, नाकातून घूं घूं. पाच मिनिटांत साचा. साच्यात प्लास्टर. काकांनी कॅलिपर लावला. फट एक पूर्णांक चार. मंगळवारी त्यांनी दीडच्या आतबाहेर म्हटलं होतं. "दहा सेकंदांत!" त्यांनी डॉक्टरीणबाईंना तीन वेळा सांगितलं. "चष्मा कपाळावर असताना!"

पाच वाजता मेण गरम झालं. ताईंचा जबडा टेबलावर, शेजारी टेपचा. आत्या आणि भाची, प्लास्टरमधल्या, आमनेसामने. पहिले दोन दात लावले, मध्ये फट सोडली. डावा दुसरा हातात धरून काका थांबले. अठ्ठावीस वर्षं वाकडे दात सरळ करायची सवय झालेल्या त्या बोटांना मुद्दाम वाकडा दात लावणं म्हणजे डाव्या हाताने जेवणं. दोनदा सरळ बसला. तिसऱ्यांदा काकांनी डोळे मिटले, टेपच्या जबड्यावरून अंगठा फिरवला, आणि तिरका लावला. शेजारच्याच्या खांद्यावर डोकं.

शुक्रवारी मेणातले दात ताईंच्या तोंडात जाऊन आले. बोलून बघायची भीती वाटली त्यांना. शुक्रवारी कवळी शिजली, शनिवार सकाळपर्यंत सावकाश गार झाली, चाकावर घुंईं झाली. साडेअकराला ताई काकांच्या खोलीत स्टुलावर, पायाशी प्रवासाची पिशवी. पिशवी बांधलेली होती, पण तिकीट अजून काढलेलं नव्हतं. तेही काकूंच्या नजरेने टिपलं.

ताईंनी कवळी घातली. ओठ मिटले. जिभेने आतून चाचपलं, डावीकडे आल्यावर जीभ थांबली. त्यांचे डोळे एकदम तरुण झाले. पाठ ताठ झाली, उजवा हात आपोआप कानापाशी गेला.

"नमस्कार," ताई म्हणाल्या, "कोणता नंबर हवाय?"

त्या 'स'मधून शिट्टी निघाली. बारीक, सरळ, चहाच्या किटलीने लांबून हाक मारावी तशी.

आणि दारातून एक बहिरट, खेकसणारा म्हातारा ओरडला, "हॅलो! सहासष्ट द्या! अहो बाई, सहासष्ट! सासूबाईंना बोलायचंय!" टेप होती, अर्थात. प्रत्येक 'स'ला शिट्टी.

"सहासष्ट एंगेज आहे साहेब," ताई एका दमात म्हणाल्या, "सासूबाईंना सांगा, सावकाश सांगा, संध्याकाळी सांगा!"

आणि शिट्ट्या अशा सुटल्या की वरून डॉक्टरीणबाई कुजबुजायचं विसरून ओरडत खाली आल्या, "कोण आलंय? काय चाललंय?" काकू टेबलाला धरून. आणि काका, हो काका, पोट धरून, मान मागे टाकून, तोंड सताड.

ताई पुढे वाकल्या. मान तिरकी केली, डावा डोळा बारीक केला.

"बाळ्या, तुझी डावीकडची दाढ कुठे गेली रे?"

काकांनी फाटकन तोंडावर हात धरला. पण उशीर झाला होता. टेपने फोटो काढून फ्रेमवर टाकला होता. तिन्ही घरांत.

रविवारी संध्याकाळी मेळाव्यातून फोटो आला. ताई फोनवरून फोटो टाकायला बसमध्ये शेजारच्या मुलाकडून शिकल्या होत्या. चौदा म्हाताऱ्या, चौदाही तोंडं उघडी, कोणी कोणाच्या अंगावर पडतंय, एकीने तर डोळे पुसायला चष्मा काढलाय.

"यात ताई कुठल्या?" काकू फ्रेमजवळ गेल्या. "सगळ्या सारख्याच दिसतायत. मी काय म्हणते, दातांवरून सांगा ना तुम्ही."

"ती काय," काका लांबूनच म्हणाले, चष्मा कपाळावर. "निळ्या स्वेटरमध्ये. मधली. तिचे डोळे बघ कसे हसतायत."

टेप आणि काकूंनी एकमेकींकडे पाहिलं. स्वेटर! निळा!

दहा सेकंद संपत आले. काकांनी बोट पुढे करून फोटो थांबवला आणि चष्मा खाली ओढला.

"आणि तिच्या शेजारची बाई पाहिलीत का? कोणी केलीय हो हिची कवळी? वरची ओळ बघा, पट्टीने आखल्यासारखी सरळ. काय ते काम! जराही आपुलकी नाही."